लिंबाच्या वासाने एसटी घाट चढत नाही: कॅन्सरच्या मुलांसाठी पूरक उपचार म्हणजे काय

सप्टेंबर हा बालकर्करोगाच्या जनजागृतीचा महिना. तो लागला की माझ्या फोनवर एकाच धाटणीचे निरोप येऊ लागतात. "ताई, मी ॲक्युप्रेशर शिकलेय. टाटातल्या मुलांसाठी फुकट करायची इच्छा आहे, कुणाला भेटू?" "माझी रेकीची दुसरी पायरी झाली, मला येता येईल का?" गेल्या वर्षी एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "मला नुसतं गाता येतं. चालेल?" आणि त्याच फोनवर अधूनमधून दुसराही एक निरोप येतो: "केमोने पोरगं पार वाळून गेलंय. अमक्या गावचे वैद्य सगळं नैसर्गिक देतात म्हणे. केमो थांबवून तिकडे नेऊ का?"

दोन्ही निरोपांत माया तेवढीच आहे. पण पहिल्यातून मुलाला आधार मिळू शकतो आणि दुसऱ्यातून मूल हातचं जाऊ शकतं. हा फरक भल्याभल्यांना नीट सांगता येत नाही, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. उपचारासाठी मुंबईत आलेल्या मुलांच्या एका निवासात काही वर्षं दर शनिवारी जाते. हातापायांना हलका मसाज देते, कुणाला चित्रं काढायची असतील तर सोबत बसते. तिथे जे शिकले आणि शिकण्यासाठी जे वाचावं लागलं, ते सांगते.

## पूरक आणि पर्यायी यांत फरक काय?

घाटातली एसटी आठवा. वळणावळणावर पोटात ढवळतंय आणि आई नाकाशी लिंबू धरतेय. त्या लिंबाने बरं वाटतं, हे खरं. पण लिंबाच्या वासाने एसटी घाट चढत नाही. घाट चढतं ते इंजिन, आणि गाडी सांभाळतो तो ड्रायव्हर.

कॅन्सरमध्ये इंजिन म्हणजे केमोथेरपी, शस्त्रक्रिया, रेडिएशन. लिंबू म्हणजे मसाज, संगीत, चित्रकला, श्वासाचे व्यायाम, हलका योग. मुख्य उपचार चालू ठेवून, डॉक्टरांना सांगून, त्रास कमी व्हावा म्हणून जे केलं जातं त्याला पूरक उपचार म्हणायचं. आणि लिंबू हातात घेऊन गाडीतूनच खाली उतरायचं, त्याला पर्यायी उपचार म्हणतात. एकच गोष्ट, उदाहरणार्थ योग, पूरकही असू शकते आणि पर्यायीही. तुम्ही गाडीत बसला आहात की उतरला आहात, यावर ते ठरतं.

उतरण्याची किंमत किती, हे अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून पाहिलं. शरीरात इतरत्र न पसरलेला कॅन्सर असूनही मुख्य उपचार न घेता फक्त पर्यायी उपचारांवर राहिलेल्या २८१ रुग्णांची त्यांनी उपचार घेतलेल्यांशी तुलना केली. पर्यायीवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. ते मोठ्या माणसांचे कॅन्सर होते. मुलांच्या बाबतीत तर उतरणं आणखीच महाग पडतं, कारण मुलांचे बरेचसे कॅन्सर वेळेवर पूर्ण उपचार मिळाले तर बरे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. रोग तोच, औषधंही बरीचशी तीच. निदानाला झालेला उशीर, औषधांची टंचाई आणि अर्धवट सुटलेले उपचार यांनी एवढी दरी पाडली आहे.

## केमो चालू असताना मुलाच्या अंगात काय चाललेलं असतं?

हे कळल्याशिवाय कुणाच्याही अंगाला हात लावू नये, असं माझं मत आहे.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कॅन्सरच्या पेशी तशाच असतात, पण केसांची मुळं, तोंडातलं अस्तर आणि हाडांतला मगज (रक्त तयार होतं ती जागा) इथल्या पेशीही भराभर वाढतात. त्यामुळे केस जातात, तोंड येतं आणि रक्तातल्या पेशी घसरतात. धर्मशाळेच्या जिन्यावर बसलेल्या आया एकमेकींना विचारतात, "काउंट किती आले?" तो हाच हिशेब. पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदार. ते कमी झाले की साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. प्लेटलेट रक्त गोठवायला मदत करतात. निरोगी माणसात त्या दीड लाखाच्या वर असतात, केमोत त्या वीस हजारांच्याही खाली जाऊ शकतात. अशा दिवशी जोरात दाबलेल्या बोटाचा वळ उठतो.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा. त्याच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. त्यात व्हिन्क्रिस्टिन नावाचं एक इंजेक्शन असतं, त्याने पायात मुंग्या येतात, पाऊल जड पडतं, पोट साफ होत नाही. पाठीच्या मणक्यात दुसऱ्या औषधांची इंजेक्शनं असतात. रक्त तपासायला सारखी सुई टोचावी लागते. मुलांना विचारलं तर ती कॅन्सरपेक्षा सुईबद्दलच जास्त बोलतात.

## मग खरोखर उपयोग कशाचा होतो?

सुईपासूनच सुरुवात करू, कारण तिथे पुरावा भक्कम आहे. सुई टोचताना मुलांच्या वेदना आणि भीती कशाने कमी होते, याच्या ५९ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष दुसरीकडे वळवणं, सावकाश श्वास सोडायला लावणं, संमोहन, यांचा फायदा त्यात दिसला. म्हणजे गाणं म्हणणारी ती निवृत्त शिक्षिका नक्की चालेल. साबणाचे फुगे फुंकणारा कॉलेजचा पोरगाही चालेल, फुगा फुंकायचा तर श्वास लांब सोडावाच लागतो. न्यूयॉर्कमध्ये १९८६ पासून एका सर्कसचे विदूषक मुलांच्या रुग्णालयात फेऱ्या मारू लागले, आज ती पद्धत जगभर आहे.

मसाजचे अभ्यास लहान लहान आहेत. त्यांतून मुलांची चिंता आणि अस्वस्थता तात्पुरती कमी होते असं दिसतं. त्याहून मोठा दावा मी करणार नाही.

ॲक्युप्रेशर शिकलेल्यांची इथे थोडी निराशा होईल. मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला एक बिंदू दाबतात, त्यावर बसेल असा पट्टाही मिळतो. मोठ्यांमध्ये त्याचा काही उपयोग दिसला आहे. पण तीव्र मळमळ आणणारी केमो चालू असलेल्या ४ ते १८ वर्षांच्या मुलांवर उत्तर अमेरिकेत चाचणी झाली, तेव्हा खरा पट्टा आणि खोटा पट्टा यांत फरक पडला नाही. म्हणून मुलाला "हे दाबलं की उलटी थांबेल" असं कधीही सांगू नका. मळमळीवर आता चांगली औषधं आहेत, ती आधी.

आणि रेकी, म्हणजे हातांतून ऊर्जा देऊन बरं करण्याची पद्धत? हातातून अशी कसली ऊर्जा वाहते, याला पुरावा नाही. पण कुणीतरी वीस मिनिटं घाई न करता शेजारी बसलं, हे मुलाला जाणवतंच. तुम्ही रेकीवाले असाल तर ती वीस मिनिटं जरूर द्या, पण "रोग बाहेर काढते" हे शब्द गिळा. ते शब्द आईच्या कानावर पडले आणि तिने पुढची केमो टाळली, तर ती वीस मिनिटं फार महागात पडतील.

## सुगंधी तेल तर निरुपद्रवी असतं ना?

मलाही असंच वाटत होतं. पहिल्याच वर्षी मी खोबरेल तेलात लव्हेंडरचे दोन थेंब घालून घेऊन गेले. तेरा वर्षांची एक मुलगी त्याच सकाळी केमो घेऊन परतली होती. तिने स्वतःहून हात पुढे केला. "छान वास आहे," म्हणाली. रात्रभर तिला उलट्या झाल्या, केमोमुळेच. पुढच्या शनिवारी मी पिशवीची चेन उघडली, बाटली अजून बाहेरही काढली नव्हती, आणि ती तोंडावर ओढणी दाबून उठून गेली. तिची आई ओशाळून माझीच समजूत घालत होती. बाटली मी त्याच दिवशी टाकून दिली, पण पुढे महिनाभर ती मुलगी माझ्याजवळ आली नाही.

हे का होतं, ते नंतर वाचलं. ज्या चवीच्या किंवा वासाच्या मागोमाग उलटी होते, त्याचा शरीर धसका घेतं. १९७८ साली अमेरिकेत सिएटलच्या एका संशोधिकेने मळमळ आणणाऱ्या केमोच्या थोडं आधी मुलांना एका अनोळखी चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यातल्या जेमतेम एक पंचमांश मुलांनी ते निवडलं. ज्यांना आइस्क्रीमनंतर तशी केमो झाली नव्हती, त्यांच्यातल्या बहुतेकांनी ते पुन्हा निवडलं. उलटी औषधाने होणार हे मुलाला ठाऊक असलं, तरी जीभ ऐकत नाही.

२०१२ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मूळपेशी रोपणाच्या वेळी (नव्याने रक्त तयार व्हावं म्हणून पेशी देतात तेव्हा) काही मुलांना बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा वास दिला होता, बाकीच्यांना दुसरा साधा वास. बर्गमोटवाल्यांची चिंता आणि मळमळ कमी व्हायच्या ऐवजी, तासाभराने ती साध्या वासवाल्या मुलांपेक्षा जास्तच निघाली. मघाचं एसटीतलं लिंबूसुद्धा असं उलटू शकतं.

यातून आयांसाठी एक गोष्ट कामाची आहे. केमोच्या दिवशी मुलाच्या आवडीचा शिरा, पुरणपोळी, आजीच्या हातची चकली देऊ नका. आई जीव टाकून नेमकं तेच करते, आणि मग त्या पोराला शिरा नकोसा होतो. तो दिवस साध्या वरणभातावर निघू द्या, आवडीचं दोन-तीन दिवसांनी करा.

## "औषध सदाफुलीपासूनच बनतं, मग काढा का नको?"

हा प्रश्न मला गावाकडच्या बापांनी विचारलाय, आणि तो मुळीच खुळचट नाही. व्हिन्क्रिस्टिन हे इंजेक्शन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतूनच मिळालं. १९६० च्या दशकापासून ते वापरात आहे आणि त्याने लाखो मुलं वाचली आहेत.

पण सदाफुलीच्या झाडात शंभराहून अधिक वेगवेगळी रसायनं आहेत. व्हिन्क्रिस्टिन त्यात इतकं थोडं असतं की थोडंसं औषध काढायलाही पानांचे ढीग लागतात. मुलाला ते मिलिग्रॅममध्ये मोजून, त्याच्या उंची-वजनावरून हिशेब करून, फक्त शिरेतून देतात. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण त्यापुढे नसांची हानी होते. काढ्यात किती उतरलं, पोटातून किती अंगी लागलं, सोबत दुसरं काय काय गेलं, हे सांगणार कोण? देवळातल्या दिव्याचं तेल आणि गाडीतलं डिझेल दोन्ही जळतात, म्हणून दिव्याचं तेल टाकीत ओतत नाहीत.

गुळवेलीचंही तेच. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. त्या वादात कुणाची बाजू न घेताही एवढं कळतं की रक्ताच्या कॅन्सरच्या कित्येक औषधांचा भार आधीच यकृतावर असतो. त्यात मोजमाप नसलेलं काहीही ओतू नये. पूरक उपचारांच्या स्वयंसेवकाने म्हणूनच एक रेघ आखून घ्यावी: पोटात जाणारं काहीही द्यायचं नाही. काढा नाही, भस्म नाही, प्रसादाचा अंगाराही नाही. आई विचारायला आली तर तिला ओरडायचं नाही आणि लपवायलाही लावायचं नाही. "डॉक्टरांना विचारू या, मी येते सोबत," एवढं म्हणायचं.

## "नुसता हात धरून काय होणार?"

दाराला कोपर आपटलं की आपण पहिल्यांदा काय करतो? चोळतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी यामागचं कारण मांडलं. मणक्यात जणू एक फाटक असतं. वेदनेचा निरोप आणि स्पर्शाचा निरोप एकाच वेळी तिथे आले, तर स्पर्श वेदनेची वाट थोडी अडवतो. पुढे या मांडणीत सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे.

शिवाय उपचार पूर्ण होणं ही मुलांच्या कॅन्सरमधली फार मोठी गोष्ट आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात एकेकाळी जवळपास वीस टक्के मुलांचे उपचार घरचेच नाकारायचे किंवा ते अर्धवट सुटायचे. पैसा, राहण्याची जागा, जेवण, समुपदेशन आणि सतत पाठपुरावा यांची नीट व्यवस्था उभी राहिल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आलं. याचं श्रेय मसाजला देणं खोटेपणा होईल. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, २००६ पासून मुलांच्या कुटुंबांना मोफत घर देणारं सेंट ज्यूड, मुलांच्या आहाराकडे बघणारं कडल्स, अशा किती हातांनी मिळून परळच्या फुटपाथवरचं एकेक कुटुंब टिकवलं आहे. आमच्यासारख्यांचं काम त्या हातांच्या मागे उभं राहण्याचं.

आणि मसाज कुणाला, हेही बघा. मी गेले की निम्म्या वेळा मुलापेक्षा आईलाच गरज असते. चार-चार महिने जमिनीवर झोपून, मांडीवर पोराचं डोकं घेऊन तिची पाठ धरलेली असते. "मला कशाला, त्याला द्या," म्हणते. मूल झोपलेलं असतं तेव्हा दहा मिनिटं तिचे तळवे चोळले की ती बोलायला लागते. गावाकडे ठेवलेल्या धाकट्या पोरीबद्दल बोलते, गहाण पडलेल्या रानाबद्दल बोलते. ते ऐकणं हाही आमच्या कामाचाच भाग.

## यायचं असेल तर काय तयारी हवी?

थेट वॉर्डात जाऊ नका. रुग्णालयाचा समाजसेवा विभाग किंवा मुलांसोबत काम करणारी संस्था यांच्यामार्फतच जा. ते ओळखपत्र मागतील, पोलीस पडताळणी मागतील, प्रशिक्षण देतील. यात अपमान वाटून घेऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तुमचं काम स्पर्शाचं आहे, तेव्हा दार उघडं, पालक समोर, आणि मुलाचा होकार दर वेळी नव्याने.

जाण्याआधी नखं कापा, अंगठ्या-बांगड्या काढा, हात धुवा, अत्तर लावू नका. घसा खवखवत असेल किंवा घरात कुणाला कांजिण्या आल्या असतील तर जाऊच नका, फोन करून सांगा. मुलाला हात लावण्याआधी सिस्टरला विचारा: आज काउंट किती, सुई किंवा पोर्ट कुठे आहे, गाठ कुठे आहे? पोर्ट म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवलेली औषध द्यायची डबी. त्या जागेला, गाठीला, रेडिएशन झालेल्या कातडीला, सुजलेल्या पायाला हात लावायचा नाही. हाडाचा कॅन्सर असेल तर तो अवयव पूर्ण वर्ज्य. दाब किती? पिकलेल्या पेरूवरची धूळ पुसताना देऊ तेवढा. फोटो काढायचे नाहीत, अगदी पाठमोरेसुद्धा नाहीत.

आणि यायचं तर नेमाने यायचं. वाढदिवसाला एकदा खेळणी वाटून जाणारे पुष्कळ असतात. मुलं त्यांना विसरतात. "शनिवारी येते" म्हणून न येणाऱ्याला मात्र विसरत नाहीत.

## मोठ्या मुलांचं काय?

पंधरा-सोळा-सतरा वर्षांची मुलं सगळ्यात एकटी पडतात. मुलांच्या वॉर्डात भिंतीवर ससे आणि हत्ती. मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी साठ वर्षांचे आजोबा. ब्रिटनमध्ये हे ओळखून १९९० मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात फक्त किशोरवयीनांसाठी वेगळा कक्ष सुरू झाला. आपल्याकडे इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा गट २००९ पासून आहे, त्यात लहानपणी कॅन्सरमधून बरे झालेले तरुण एकत्र येतात. सोळा वर्षांच्या मुलाला अशा बऱ्या झालेल्या, नोकरीला लागलेल्या दादाशी दहा मिनिटं बोलायला मिळालं, तर ते माझ्या दहा मसाजांपेक्षा जास्त कामाचं ठरतं.

या वयात दहावीचं वर्ष बुडालेलं असतं, मिशा फुटायच्या वेळी केस गेलेले असतात, अंघोळीलाही आई मदतीला लागते. अशा मुलाला कुणी अनोळखी बाई "बाळा, पाय दे" म्हणाली तर त्याने का द्यावा?

सोलापूरकडचा एक मुलगा तीन शनिवार मोबाइलमधून मान वर करत नव्हता. मी त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या लहानग्याचे हात चोळायचे आणि परत जायचे. चौथ्या शनिवारी त्याने मोबाइल न सोडता उजवा पाय चादरीबाहेर काढला. व्हिन्क्रिस्टिनने त्याच्या पावलांत मुंग्या होत्या. आईला ते त्याने सांगितलंच नव्हतं, ती घाबरेल म्हणून. मी त्याला विचारून ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. मग वास नसलेल्या तेलाने घोट्यापासून बोटांपर्यंत, पेरूवरची धूळ पुसावी तसा हात फिरवला. पंधरा मिनिटं तो एक अक्षर बोलला नाही. मी बाटलीचं झाकण लावून उठले, तेव्हा स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला,

"काकू, पुढच्या शनिवारी नको. शनिवारी केमो आहे. सोमवारी जमेल का?"